मीनाकारीचा जुना जडावी दागिना: कसा पारखावा, कसा नोंदवावा, कसा जपावा

जुन्या घरातल्या दागिन्यांची वाटणी किंवा विक्री होते तेव्हा सर्वांत जास्त नुकसान होते ते जडावाच्या (खडे जडवलेल्या) आणि मीनाकामाच्या (सोन्यात रंगीत काच भाजून भरलेल्या) दागिन्यांचे. पाटल्या, गोठ किंवा बोरमाळ यांचे मोल वजनावर बऱ्यापैकी ठरते. पण शिरपेच, बाजूबंद किंवा पाठीला मीना असलेला कंठा काट्यावर ठेवला की हिशेब बिघडतो, कारण त्याच्या पोटात लाख भरलेली असते, पुढे खडे असतात, मागे रंगीत काच भाजलेली असते, आणि सराफ या सगळ्याची तूट धरून उरलेल्या सोन्याचा भाव सांगतो. तो भाव ऐकून दागिना मोडीत घातला जातो आणि ज्या कामासाठी तो घडवला होता ते काम मुशीत जाते.

ही कला प्रामुख्याने जयपूर, दिल्ली, लाहोर, बनारस, लखनौ अशा उत्तरेकडील गावांची. मराठी घरांत असे दागिने आले ते बडोदे, ग्वाल्हेर आणि इंदूरच्या दरबारांमुळे, पेशवाईत सरदारांना मिळणाऱ्या शिरपेच-कंठीसारख्या मानामुळे, आणि मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात असल्यामुळे तिथल्या घराण्यांच्या हैदराबादशी असलेल्या नात्यामुळे. अशा घरातल्या माणसाने सराफाची पायरी चढण्यापूर्वी घरच्या घरी काय पाहावे, काय लिहून ठेवावे आणि कशाला मुळीच हात लावू नये, ते पुढे क्रमाने दिले आहे.

आधी घडण समजून घ्यावी

तपासणीचा प्रत्येक मुद्दा दागिना कसा घडतो यावर अवलंबून असल्यामुळे हा भाग टाळून पुढे जाण्यात अर्थ नाही. जयपूरच्या रिवाजात एक दागिना अनेक हातांतून जातो. चितेरा नक्षी काढतो, सोनार सोन्याच्या पातळ पत्र्यातून दागिन्याचा पोकळ सांगाडा घडवतो, आणि मग ज्या भागात रंग भरायचा तो भाग कोरून खोलगट केला जातो. या खोलगट जागेचा तळ गुळगुळीत सोडत नाहीत. त्यावर बारीक समांतर किंवा पाकळीच्या शिरांसारख्या रेघा कोरतात. त्या रेघांमुळे काच सोन्याला घट्ट धरून राहते आणि रंग पारदर्शक असेल तर तळाच्या सोन्यावरून परतणारा उजेड त्या रेघांवर खेळतो.

मीना म्हणजे धातूंच्या भस्मांनी रंगवलेली काच. कोबाल्टने निळा रंग येतो, तांब्याने हिरवा. ती काच कुटून, खलून, धुऊन तिचा ओला लगदा सळईने त्या खाचांत भरतात, वाळवतात आणि भट्टीत भाजतात. सगळे रंग एकाच आचेवर वितळत नाहीत, म्हणून ज्याला जास्त आच लागते तो रंग आधी आणि ज्याला कमी लागते तो नंतर, अशा क्रमाने दागिना पुन्हापुन्हा भट्टीत जातो. पांढरा सुरुवातीला येतो आणि सर्वांत नाजूक असलेला लाल शेवटी. ही आच साधारण 750 ते 850 अंश सेल्सियसची असते. भाजून झाल्यावर काच कुरुंदाने घासून सोन्याच्या पातळीला आणतात, चकाकी देतात आणि आंबट पाण्याने सोने उजळतात.

यानंतरच खडे जडवणारा जडिया दागिना हातात घेतो. तो सांगाड्याच्या पोकळीत लाख भरतो, पुढच्या बाजूला लाखेत खड्याचे घर कोरतो, त्यात चकचकीत पातळ पन्नी बसवतो (कारागीर तिला डाक म्हणतात), तिच्यावर खडा ठेवतो आणि खड्याच्या कडेने अतिशुद्ध सोन्याच्या पातळ पट्ट्या सळईने दाबत जातो. हे सोने इतके शुद्ध असते की न तापवता, नुसत्या दाबाने एकजीव होते. हेच कुंदन, आपल्या बोलीतले कोंदण. अखेरीस पटवेकरी रेशमाच्या किंवा जरीच्या दोऱ्यात दागिना गाठवतो.

या क्रमातून निघणारी एक गोष्ट शेवटपर्यंत लक्षात ठेवावी: आगीचे सगळे काम आधी झालेले असते आणि आगीने बिघडणाऱ्या गोष्टी, म्हणजे लाख, पन्नी, मोती, रेशीम, नंतर येतात. त्यामुळे पूर्ण झालेल्या दागिन्याला पुन्हा आच दाखवता येत नाही.

तयारी

दहापट दाखवणारे भिंग, पांढऱ्या उजेडाची छोटी बॅटरी, 365 नॅनोमीटरची अतिनील बॅटरी, 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, मोजपट्टी आणि बारीक जवळून छायाचित्र घेणारा मोबाइल एवढे साहित्य पुरते. खाली टेबलावर जाडसर सुती कापड पसरावे आणि त्यावर चारही बाजूंनी उंच कड असलेले ताट ठेवावे, म्हणजे सैल झालेला खडा निसटला तरी फरशीवर घरंगळत जाणार नाही. हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत किंवा नायट्राइल रबराचे हातमोजे घालावेत. सुती हातमोज्यांचे धागे कोंदणाच्या कडांत आणि मीन्याच्या तुटक्या जागांत अडकतात, म्हणून ते टाळावेत. दागिना नेहमी सोन्याच्या कडेने उचलावा, दोऱ्याने किंवा लोंबत्या मोत्यांनी कधीही नाही.

काहीही पुसण्यापूर्वी पुढून, मागून आणि कडेने छायाचित्रे घ्यावीत, शेजारी मोजपट्टी ठेवून. जुनी धूळ आणि मळ हासुद्धा पुरावा असतो.

दागिना उलटा करावा

माझ्या मते पारखीची खरी सुरुवात इथे होते. पुढच्या बाजूचे खडे बदलता येतात, नव्याने जडवता येतात, पन्नी घालून उजळवता येतात. पाठीचे मीनाकाम मात्र खडे आणि लाख काढल्याशिवाय पुन्हा करता येत नाही, म्हणून दागिन्याची मूळ कहाणी बहुतेक वेळा पाठीवरच शाबूत राहते.

सर्वांत आधी ही खरी भाजलेली काच आहे की नंतर भरलेला रंग किंवा राळ आहे, हे ठरवावे. बॅटरीचा उजेड तिरपा टाकून भिंगातून मीना आणि सोने जिथे मिळतात ती रेषा पाहावी. खऱ्या कामात काच आणि सोने एका पातळीत असतात, कारण दोन्ही एकत्र घासलेली असतात. काचेत कुठे कुठे सुईच्या टोकाएवढे बुडबुडे दिसतात. आणि टवका उडाला असेल तर तो फुटक्या काचेसारखा, शिंपल्याच्या आतल्या वळणासारखा वाटोळा आणि धारदार असतो. राळ सोन्यावर किंचित फुगीर बसते किंवा सुकताना आत ओढली जाते, तिच्या कडा सोलल्यासारख्या सुटतात आणि तिच्यावर ओरखडे लवकर पडतात. सुईने टोचून पाहण्याचा मोह आवरावा. त्याऐवजी अंधारात अतिनील बॅटरी लावावी. कडेच्या फटीतून दिसणारी जुनी लाख नारिंगी चमकते, तर हल्लीचे गोंद आणि राळा पुष्कळदा निळसर पांढऱ्या चमकतात. नारिंगी लाखेच्या शेजारी निळसर ठिपका दिसला तर तिथे कोणीतरी अलीकडे हात घातला आहे असे समजावे. एवढ्या एका खुणेवर संपूर्ण दागिना नवा ठरवू नये.

मग रंगाच्या आत पाहावे. चांगल्या जयपुरी कामातली एक लाल पाकळी भिंगाखाली धरली तर काठाजवळ लाल रंग उजळ आणि देठाकडे गडद होत गेलेला दिसतो, कारण खाच देठाकडे खोल कोरलेली असते आणि तिथे काचेचा थर जाड असतो. त्या लालाच्या तळाशी केसाएवढ्या रेघा पाकळीच्या शिरांच्या दिशेने पसरलेल्या असतात आणि दागिना हातात हलवला की त्यांच्यावरचा उजेड एका बाजूकडून दुसरीकडे सरकतो. पाकळीभोवती सोन्याची रेघ सलग आणि एकसारख्या जाडीची राहिलेली असते. हलक्या कामात खाच सपाट आणि उथळ असते, तळाशी रेघा नसतात किंवा दिशाहीन ओरखडे असतात, आणि लाल रंग कुंकवाच्या ठिपक्यासारखा एकसुरी दिसतो. लाल आणि हिरवा हे रंग बहुधा पारदर्शक, तर पांढरा अपारदर्शक असतो, म्हणून तळाच्या रेघा पांढऱ्यात शोधू नयेत.

धातूकडेही लक्ष द्यावे. सोन्यावर सगळे रंग बसतात. चांदीवर निळा आणि हिरवा सहज बसतो, पण पारदर्शक माणकासारखा लाल साधणे अवघड. तांब्यावर तर मोजकेच रंग टिकतात. त्यामुळे खोल, आतून उजळलेला लाल दिसला तर खाली सोने असण्याची शक्यता बरीच वाढते.

शेवटी झीज पाहावी. अंगाला आणि कपड्याला घासणाऱ्या उंच भागांवर मीना मंद पडलेला आणि सोन्याच्या रेघा किंचित वाटोळ्या झालेल्या असाव्यात, कोपऱ्यांत आणि कड्यांच्या मागे मात्र चकाकी टिकलेली असावी. सगळीकडे सारखीच मळकट झीज असेल तर ती मुद्दाम आणलेली असण्याचा संशय घ्यावा. जुन्याचा देखावा करून नवा माल विकणारे बाजारात कमी नाहीत.

पुढची बाजू: खडे आणि कोंदण

पोलकी म्हणजे पैलू न पाडलेला किंवा जुजबी पैलूंचा हिरा. जडावात तो मागून बंद असतो आणि पन्नीमुळे चमकतो. ओल शिरली की पन्नी काळवंडते आणि हिरा करडा, मेलेला दिसतो. असा हिरा पाहून तो काच आहे असे ठरवणे ही नेहमीची गफलत आहे. काचेच्या खड्यात भिंगाने गोल बुडबुडे दिसतात आणि वापराने त्याच्या कडा बोथट होतात, हिऱ्याच्या कडा मात्र धारदारच राहतात. माणकाखाली लाल पन्नी घालून रंग वाढवण्याचा रिवाज जुनाच आहे, तो फसवणुकीत धरू नये.

जुन्या खड्यांचे उगम जाणले तर पुष्कळ उलगडते. अठराव्या शतकात ब्राझीलच्या खाणी सापडेपर्यंत जगाला हिरे मुख्यतः दख्खनच्या गोवळकोंडा परिसरातून मिळत, माणके ब्रह्मदेशातून येत, लालडी म्हणजे स्पिनेल हा माणकासारखा लाल खडा अफगाणिस्तानाकडील बदख्शानमधून, आणि मुघल दरबारातले मोठे पाचू दक्षिण अमेरिकेतील कोलंबियाचे असत, जे स्पेन-पोर्तुगालच्या व्यापाऱ्यांच्या हातून गोव्यासारख्या बंदरांतून इकडे पोहोचत. जुन्या पाचूत भेगा आणि डाग असणे साहजिक आहे. मोठा, निर्दोष, एकसारखा हिरवा पाचू दिसला तर आनंदापेक्षा चौकशी बरी.

कोंदणाची कडही पाहावी. खऱ्या कुंदनात खड्याभोवतीचे सोने मऊ, पिवळेधमक आणि खड्याच्या वेड्यावाकड्या आकाराला चिकटून वळलेले असते, कुठेही नखे किंवा घडीव वाटी नसते. काही नव्या दागिन्यांत आधी ओतीव वाटी करून तिच्यात खडा चिकटवतात. तिची कड भिंगाखाली यंत्रातून आल्यासारखी सारखी दिसते.

नंतर झालेले बदल

शंभर-दीडशे वर्षांत कोणताच दागिना जसाच्या तसा राहत नाही. विसाव्या शतकात पागोटी गेली आणि शिरपेचांचे पदक झाले, बाजूबंदांच्या जोडीची चिंचपेटीसारखी गळाबंद माळ झाली. शिरपेच होता की नाही हे पाठीवरच्या, दोरी ओवण्याच्या कड्यांवरून आणि वर तुरा किंवा कलगी खोवण्याच्या नळीवरून कळते. त्या कापल्या असतील तर डाखाचे, म्हणजे सांधणीच्या धातूचे, ठिपके राहतात. तन्मण्याच्या खोडाच्या, म्हणजे मोत्यांच्या सरांना लावलेल्या जडावी पदकाच्या, बाबतीतही कडा तपासाव्यात, कारण मोत्यांचे सर अनेकदा बदललेले असतात आणि खोड मात्र दोन-तीन पिढ्या जुने असते. बदल आढळला म्हणून नाराज होऊ नये. तो कधी आणि का झाला हे घरातल्या वडीलधाऱ्यांना ते सांगू शकतात तोवर विचारून घ्यावे.

कुठला आणि केव्हाचा

या प्रश्नाचे उत्तर घरबसल्या नेमके मिळत नाही; शक्यता तेवढ्या कमी करता येतात. पांढऱ्या भूमीवर लाल फुले आणि हिरवी पाने, अधूनमधून निळा, ही जयपूरची ओळख. जयपूरजवळच्या आमेरच्या राजा मानसिंगाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस लाहोरहून मीनाकार आणले अशी परंपरा सांगितली जाते; जयपूर शहर मात्र 1727 मध्ये सवाई जयसिंगाने वसवले, त्यामुळे त्याआधीच्या कामाला जयपुरी म्हणणे सैलपणाचे ठरते. पांढऱ्यावर कुंचल्याने रंगवलेला गुलाबी दिसला तर बनारस. चांदीवर निळा-हिरवा असेल तर लखनौ किंवा कांगड्यासारखी ठिकाणे विचारात घ्यावीत. हिरव्या किंवा लाल काचेवर सोन्याची बारीक कातरलेली जाळी बसवली असेल तर ते राजस्थानातील प्रतापगडचे थेवा काम आहे, ज्याला बाजारात सर्रास मीना म्हणतात, पण ज्याचे तंत्र वेगळे आहे. दक्षिणेकडील जडावाच्या पाठीला मीना सहसा नसतो. तिथे साधे किंवा ठोकून उठवलेल्या नक्षीचे सोने असते.

काळाच्या बाबतीत शैलीपेक्षा ‘याच्या आधीचे असूच शकत नाही’ अशा खुणा जास्त भरवशाच्या. कृत्रिम माणिक फ्रान्समधल्या वेर्नॉयने 1902 मध्ये जाहीर केलेल्या पद्धतीनंतर मोठ्या प्रमाणावर बाजारात आले आणि त्यात भिंगाने वक्र रेघा व वायूचे बुडबुडे दिसतात. गोल संवर्धित मोती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकापासून सर्वत्र पसरले. हल्लीचा सत्तावन्न-अठ्ठावन्न पैलूंचा गोल हिरा, यंत्रावर कापलेल्या आट्यांची फिरकी आणि स्प्रिंगची कडी याही अलीकडच्याच गोष्टी. मात्र अशी खूण फक्त त्या भागापुरती खरी असते. नवी फिरकी जुन्या कुडीला लावलेली असू शकते.

नक्षीतली फुले हीही एक दिशा दाखवतात. 1620 मध्ये जहांगीर काश्मीरला गेला, त्याच्या पदरच्या मन्सूर या चित्रकाराने तिथली फुले रंगवली, आणि पुढे शाहजहानच्या काळात एकेक रोप मुळापासून फुलापर्यंत सुटे दाखवण्याची रीत दगडकामात, वस्त्रांत आणि मीन्यात सगळीकडे आली. ती रीत नंतर दोन-तीनशे वर्षे गिरवली गेली, म्हणून रोपाची नक्षी दिसताच दागिना सतराव्या शतकाचा आहे असे सांगणाऱ्या विक्रेत्यापासून सावध राहावे. त्या शतकाचे अस्सल काम घरोघरी नसते. घरांतून निघणारे बहुसंख्य दागिने एकोणिसाव्या शतकातले किंवा विसाव्याच्या पूर्वार्धातले असतात, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

मीन्याचे तंत्र मुघल दरबारात कोठून आले याची चर्चा अजून चालू आहे. अकबराच्या काळातील आईने-अकबरी या ग्रंथात मीनाकारांचा उल्लेख आहे. 1575 मध्ये अकबराने हाजी हबीबुल्लाह याला कारागीर बरोबर देऊन गोव्याला पाठवले, ते तिथली युरोपीय कारागिरी शिकून यावी म्हणून. त्या काळच्या युरोपीय दागिन्यांत मीना मुबलक असल्यामुळे हे तंत्र गोव्यामार्गे पोहोचले असावे, असे काही अभ्यासक मानतात.

डोळा बसण्यासाठी संग्रहालयाला पर्याय नाही. हैदराबादचे सालारजंग, दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय, जयपूरचा सिटी पॅलेस, मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय येथे जुन्या कलाकुसरीच्या वस्तू जवळून पाहता येतात. निजामाचे दागिने भारत सरकारने 1995 मध्ये सुमारे 218 कोटी रुपयांना घेतले आणि ते अधूनमधून प्रदर्शनात मांडले जातात. तशी संधी मिळाली तर मागे ठेवलेल्या आरशात दिसणाऱ्या पाठीपुढे जास्त वेळ थांबावे.

सोन्याचा कस आणि वजन

कसोटीवर घासणे, तेजाबाचा थेंब टाकणे आणि पाण्यात बुडवून घनता काढणे या तिन्ही परीक्षा या दागिन्यांना वर्ज्य आहेत. पहिल्या दोन्हींनी इजा होते. तिसरीत लाखेमुळे उत्तर चुकते आणि पाणी पन्नीपर्यंत जाते. क्ष-किरणांवर चालणाऱ्या यंत्राने इजा होत नाही, पण ते पृष्ठभागाच्या पातळ थराचाच कस सांगते, म्हणून किरण कुंदनाच्या पट्टीवर पडला तर जवळजवळ चोवीस कॅरेट दाखवेल आणि सांगाडा त्याहून कमी कसाचा असेल. यंत्रवाल्याला पाठीवरची किंवा कडीजवळची मोकळी जागा दाखवून तिथले माप मागावे आणि जागेसह लिहून घ्यावे.

जुन्या दागिन्यावर हॉलमार्क नाही म्हणून घाबरू नये. हॉलमार्कची सक्ती 16 जून 2021 पासून सुरू झाली आणि कुंदन, पोलकी व जडाव हे प्रकार तिच्यातून वगळले गेले.

वजनाची नोंद ग्रॅममध्ये करावी, पण जुन्या यादीशी ताळा घालताना एक खबरदारी घ्यावी. जुना तोळा 12 माशांचा, मासा 8 गुंजांचा. इंग्रजी अमलात ठरलेला तोळा सुमारे 11.66 ग्रॅमचा, त्यापूर्वी तो गावोगाव थोडा वेगळा असे, आणि आज सराफ बोलताना 10 ग्रॅमला तोळा म्हणतो. यादीत नऊ तोळे लिहिलेला बाजूबंद आज काट्यावर 105 ग्रॅमच्या आसपास भरला तर तो तोच आहे. ‘साडेदहा तोळे कसे झाले’ म्हणून भांडण नको.

नोंद

प्रत्येक दागिन्याला एक क्रमांक द्यावा आणि तो क्रमांक डबीवर लिहावा, दागिन्यावर नव्हे. एका कागदावर लांबी, रुंदी, जाडी, एकूण वजन, धातू, मीन्याचे रंग, खड्यांची संख्या, रिकाम्या घरांची संख्या आणि प्रत्येक टवक्याची जागा लिहावी. जागा घड्याळाच्या काट्याप्रमाणे सांगितली की पुढच्या माणसाला लगेच सापडते, जसे की ‘पाठ, मधले फूल, चारच्या दिशेची पाकळी, मीना अर्धा गेलेला’. दागिना कोणाकडून कोणाकडे आला, कोणत्या लग्नात घातला, कोणत्या जुन्या छायाचित्रात दिसतो हेही त्याच कागदावर यावे. घरात वाटणीपत्र, स्त्रीधनाची याद किंवा जामदारखान्याचा (खजिन्याचा) कागद असेल तर तो मोडी लिपीत असण्याची शक्यता मोठी. तो जाणकाराकडून वाचून घेऊन मूळ कागदाचे छायाचित्र नोंदीला जोडावे. विक्री, विमा आणि वारसाहक्क या तिन्ही वेळी लाखेतल्या दोन ग्रॅमपेक्षा हा कागद जास्त कामी येतो.

सफाई, ठेवण आणि दुरुस्ती

घरोघरी सोने रिठ्याच्या पाण्यात भिजवून ब्रशने घासतात. जडावाला ते चालत नाही. पाणी कोंदणाच्या फटीतून आत गेले की पन्नी काळी पडते आणि ती खडा काढल्याशिवाय बदलता येत नाही. दंतमंजन, सोडा, लिंबू, सराफाकडचे ध्वनिलहरींचे यंत्र आणि वाफ, सगळे टाळावे. नव्या, मऊ केसांच्या कोरड्या कुंचल्याने पुढून आणि मागून हलकेच धूळ झटकावी, आणि तेही मीना सुटलेला किंवा खडा हलणारा नसेल तरच. एवढ्याने न निघणारा मळ तसाच राहू द्यावा.

लाख साधारण 70 ते 80 अंशांना मऊ होते, त्यामुळे उन्हात तापलेली गाडी, दिव्याजवळची काचपेटी आणि छायाचित्रणाचे प्रखर दिवे यांपासून दागिना दूर ठेवावा. मीन्याला एकदम बदलणारे तापमान चालत नाही, कारण सोने आणि काच सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत आणि ताण आला की टवका उडतो. सराफाचा गुलाबी कागद ओल्या हवेत रंग सोडतो, कापसाचे तंतू कडांत अडकतात, मखमली डबीत खालचा मीना घासला जातो. यांपैकी कशातही कायमचे ठेवू नये. आम्लरहित पांढऱ्या कागदात किंवा धुतलेल्या, न रंगवलेल्या मलमलीत प्रत्येक दागिना वेगळा गुंडाळून ताठ डबीत ठेवावा, आणि डांबराच्या गोळ्या त्या कपाटात नसाव्यात. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात बँकेच्या लॉकरमध्येही दमटपणा असतो. डबीत ओल शोषणारी पुडी ठेवावी आणि पावसाळ्यानंतर ती बदलावी. लॉकरमधल्या वस्तू बँकेला माहीत नसतात, आणि आग, चोरी किंवा कर्मचाऱ्यांची लबाडी अशा ठरावीक प्रसंगी तिची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच असते, म्हणून मोठ्या दागिन्याचा स्वतंत्र विमा उतरवावा.

घालताना अत्तर, पावडर, फवारा सगळे झाल्यावर दागिना शेवटी घालावा आणि सर्वांत आधी उतरवावा. रेशमाचा दोरा ताणला किंवा काळा पडला असेल तर पटवेकऱ्याकडून वेळेवर गाठवून घ्यावा.

दुरुस्तीत एकच सूचना ठामपणे द्यावी: ज्योत लावायची नाही. तुटलेल्या कडीला डाख देण्यासाठी आच लावली की शेजारची लाख उकळते आणि मीना तडकतो. सैल खडा, फाटलेले कुंदन किंवा पोकळ झालेली लाख यासाठी जडावाचेच काम करणारा कारागीर गाठावा. साध्या सोनारकामात कितीही तरबेज माणूस असला तरी हे काम त्याचे नव्हे. मीन्याचा टवका उडाला असेल तर तो तसाच ठेवणे बहुतेक वेळा शहाणपणाचे, कारण खरा मीना पुन्हा भरायचा तर दागिना पूर्ण उकलावा लागतो. सुटलेला तुकडा सापडला तर डबीत वेगळ्या पुडीत जपावा. दागिना खरोखर मोलाचा असेल तर वस्तुसंग्रहालयाच्या जतन विभागातील तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असा विभाग आहे.

विकताना आणि परदेशी नेताना

विकायचेच असेल तर मोडीचा भाव हा तळ समजावा आणि किमान दोन स्वतंत्र मूल्यांकने घ्यावीत, त्यांपैकी एक खरेदीत रस नसलेल्या जाणकाराचे. मूल्यांकनपत्रात एकूण वजन, सोन्याचे अंदाजे निव्वळ वजन, खडे आणि कारागिरी यांचे आकडे वेगवेगळे मागावेत. सगळे मिळून एक रक्कम लिहिणाऱ्याचा कागद घेऊ नये. तपासणीसाठी लाख काढून पाहतो असे कोणी म्हणाले तर दागिना उचलून घरी यावे.

पुरातन वस्तू आणि कलानिधी अधिनियम, 1972 हा कायदा 5 एप्रिल 1976 पासून लागू आहे. त्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही आणि अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. लेक अमेरिकेत किंवा दुबईत असेल आणि आजीचा शिरपेच तिला द्यायचा असेल, तर विमानाची तिकिटे काढण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात दागिना व नोंदीचा कागद दाखवून तो कायद्याच्या अर्थाने पुरातन नसल्याचे प्रमाणपत्र मिळते का, हे पाहावे. प्रमाणपत्र मिळाले नाही तर दागिना भारतातच ठेवावा आणि मालकी मृत्युपत्राने किंवा बक्षीसपत्राने तिच्या नावे करावी, त्यात नोंदीचा क्रमांक आणि पाठीचे छायाचित्र जोडून.